मेलबर्न, २०१६: दमा नसलेले दमेकरी

सोमवार, २१ नोव्हेंबर २०१६. ऑस्ट्रेलियात हा वसंताचा शेवट. मेलबर्नमध्ये पारा ३५ अंशांच्या घरात गेला होता आणि उत्तरेकडून दिवसभर कोरडा, गरम वारा वाहत होता. अशा तापलेल्या दिवसाच्या अखेरीस तिथे बहुधा थंड हवेचा लोट येतो आणि बघता बघता शहर गार होतं. तिथले लोक त्याला 'कूल चेंज' म्हणतात आणि त्याची वाट पाहतात. तो आला की दिवसभर बंद ठेवलेल्या खिडक्या उघडायच्या, अंगणात यायचं. वळवाच्या पहिल्या सरीला आपण गच्चीवर जातो तसंच.

त्या दिवशी कूल चेंज वादळ घेऊन आला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास सोसाट्याचा वारा पश्चिमेकडून शहरावर आला, तापमान काही मिनिटांत दहा अंशांच्या आसपास उतरलं, विजा कडाडल्या. पाऊस मात्र नावापुरताच पडला. ऑफिसं सुटायची वेळ होती. लोक ट्रॅमच्या थांब्यांवर, रस्त्यांवर, घराच्या अंगणात होते.

सहानंतर अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन सुरू झाले आणि ते थांबेचनात. तक्रार सगळ्यांची एकच, श्वास घेता येत नाही. काही तासांत मागणी इतकी वाढली की गाड्या पुरेनात, आणि बरेच लोक घरच्यांच्या गाडीतून, टॅक्सीतून थेट रुग्णालयात पोहोचले. औषधांच्या दुकानांतले श्वास तात्पुरता मोकळा करणारे निळे इन्हेलर संपले. त्या संध्याकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे तीस तासांत, मेलबर्न आणि जवळच्या जिलाँगमधल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन ३,३६५ लोक जास्तीचे आले. जास्तीचे म्हणजे आधीच्या तीन वर्षांच्या हिशेबाने जितके अपेक्षित होते, त्यांच्यावर. ही वाढ ६७२ टक्के होती. दम्यासाठी दाखल करून घ्यावे लागलेले रुग्ण अपेक्षेपेक्षा ४७६ ने जास्त होते, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ अकरा पट. तिसाहून अधिक जणांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. मृतांपैकी काही जण अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहतानाच गेले, काही नंतर रुग्णालयात. पुढे मृतांचा आकडा दहावर पोहोचला.

हवेत विषारी वायू पसरला नव्हता. कुठल्या कारखान्यात गळती झाली नव्हती. एवढं सगळं घडलं ते गवतामुळे.

गवताचा कण फुफ्फुसात कसा गेला

मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मैलोन् मैल कुरणं आहेत. मेंढ्या आणि गाईंच्या चाऱ्यासाठी युरोपातून आणलेलं रायग्रास तिथे सर्वत्र पसरलंय. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याच्या फुलोऱ्याचा काळ. २०१६ चा वसंत तिथे चांगला ओला गेला होता, त्यामुळे गवत जोमात होतं. त्या दिवशी उत्तरेच्या वाऱ्याने त्याचे परागकण शहरावर आणून टाकले. हवेच्या एका घनमीटरमध्ये शंभराहून जास्त कण मोजले गेले. तिथल्या मोजपट्टीत ही सर्वांत वरची पायरी.

पण परागकण जास्त होते, एवढ्याने या घटनेचा उलगडा होत नाही. रायग्रासचा अख्खा कण तीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असतो. तो नाकात आणि घशात अडकतो, खाली श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच परागकणांच्या दिवसांत लोकांना शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात, आणि सहसा तेवढ्यावरच निभावतं.

वादळात हे गणित बदलतं. ढगाच्या पोटात वर खेचली जाणारी हवा जमिनीजवळचे परागकण सोबत नेते. वर ओलाव्यात ते फुगतात आणि फुटतात. १९९२ मध्ये मेलबर्नच्याच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की पाण्यात फुटलेल्या एका कणातून साधारण ७०० स्टार्चचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांचा आकार तीन मायक्रॉनपेक्षाही कमी असतो आणि अ‍ॅलर्जी चेतवणारं प्रथिन त्यांच्यात असतं. वादळातून खाली कोसळणारी थंड हवा ही भुकटी जमिनीवर आणून आपटते, आणि पुढे धावणारा वारा ती नाकातोंडाच्या उंचीवरून लांबवर नेतो. जो झोत आल्यावर लोक खिडक्या उघडून 'हुश्श' म्हणाले, त्यातच हे कण होते. कण नेमके कुठे आणि कशाने फुटतात, त्यात विजेचा, वाऱ्याच्या घर्षणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. बारीक कण थेट खाली पोहोचले, याविषयी मात्र फारशी शंका उरलेली नाही.

असं काही होऊ शकतं, हे ठाऊक नव्हतं असंही नाही. जुलै १९८३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये वादळानंतर दम्याचे रुग्ण अचानक वाढल्याची नोंद आहे. खुद्द मेलबर्नमध्ये १९८७ आणि १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये हेच झालं होतं. ३० ऑक्टोबर १९९७ ला न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागा नावाच्या गावात एका वादळानंतर २१५ जण रुग्णालयात आले, ४१ जणांना ठेवून घ्यावं लागलं. २४ जून १९९४ ला लंडन परिसरात तीस तासांत ६४० रुग्ण आले, आणि त्यांतल्या २८३ जणांना त्याआधी दमा वा श्वसनमार्गाचा दुसरा आजार असल्याचं माहीत नव्हतं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेलबर्नमध्येही तेच अधिक मोठ्या प्रमाणावर दिसलं.

आले कोण होते?

या घटनेचा सविस्तर अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात आला. तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी १,४३५ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेलं आहे आणि तो सध्याही आहे, असे त्यांत फक्त २८ टक्के निघाले. दर चौघांतल्या जवळपास तिघांच्या लेखी, 'मला दमा नाही'.

मात्र यांतल्या बहुसंख्यांना वसंतातल्या सर्दीचा, शिंकांचा, डोळे चुरचुरण्याचा त्रास होता. आणि निदान नसलेल्यांपैकी पुष्कळांना आधीपासून दम्यासारखी लक्षणंही होती: रात्रीचा खोकला, धावल्यावर छातीत घरघर, सर्दी झाली की ती 'छातीत उतरणं'. कुणी त्याला नाव दिलेलं नव्हतं, इतकंच. सरासरी वय ३२. म्हणजे ही म्हाताऱ्याकोताऱ्यांची किंवा लहान लेकरांची कहाणी नाही. हे कामावरून घरी निघालेले धडधाकट लोक होते.

आपल्याकडे दमा म्हटलं की डोळ्यांपुढे पाठीत वाकलेला, खाटेवर बसून धापा टाकणारा म्हातारा येतो. ते चित्र पुष्कळदा विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने झालेल्या सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, असतं. दमा वेगळा. तो बहुतेकांना लहानपणी किंवा तरुणपणी लागतो, येतो-जातो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसू शकतो. या 'ठणठणीत दिसण्या'मुळेच निदान राहून जातं. त्यात आपल्या घरांची भर असते. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून डॉक्टरला सांगितलं जातं, 'अहो, कागदावर दमा लिहू नका, ब्राँकायटिस लिहा.' अ‍ॅलर्जिक सर्दी म्हटलेलं चालतं, 'बालदमा' कसाबसा चालतो, नुसता 'दमा' शब्द चालत नाही.

नाक आणि फुफ्फुस हा एकच मार्ग आहे. ज्याला वर्षानुवर्षं अ‍ॅलर्जीची सर्दी आहे, त्याच्या श्वासनलिकांच्या अस्तरालाही थोडीफार सूज असू शकते. मेलबर्नच्या घटनेनंतर डॉक्टरांनी जी सूत्रबद्ध मांडणी केली तिचा गाभा हाच: रायग्रासची अ‍ॅलर्जी, तिची हंगामी सर्दी, आणि त्या दिवसाची हवा. या तिन्ही गोष्टी जुळल्या की दम्याचा इतिहास नसलेला माणूसही काही मिनिटांत गुदमरू शकतो. आणि ज्यांना दमा आहे, पण रोजचं औषध धड चालू नाही, त्यांना सर्वाधिक धोका.

भारतीय इतके का?

मराठी वाचकाने थांबून वाचावा असा भाग हा आहे. रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्यांत भारतात किंवा श्रीलंकेत जन्मलेल्यांचं प्रमाण १० टक्के होतं, आधीच्या वर्षांत ते १ टक्का असायचं. प्रश्नावली भरलेल्यांपैकी ३९ टक्के लोक आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते, शहराच्या लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा २५ टक्के. आणि मृत्यू पावलेल्या दहांपैकी सहा जण आशियाई किंवा भारतीय वंशाचे.

असं का झालं, याची उत्तरं अजून तर्काच्या पातळीवर आहेत. काही जण जनुकांकडे बोट दाखवतात. मला जास्त पटणारा मुद्दा वेगळा आहे. रायग्रास हे आपल्या शरीराला अनोळखी गवत. ज्याचा पिंड मुळातच अ‍ॅलर्जीचा आहे, असा माणूस पुणे, नाशिक किंवा हैदराबाद सोडून मेलबर्नला जातो, तेव्हा त्याच्या जुन्या अ‍ॅलर्जी मागे राहतात आणि पहिल्या वर्षी त्याला उलट बरं वाटतं. 'इथली हवा मानवली' असं तो घरी फोनवर सांगतो. शरीराला नवा शत्रू ओळखायला दोन-तीन हंगाम लागतात. आशियातून ऑस्ट्रेलियात गेलेल्यांत मुक्काम जितका लांबतो तितकी हंगामी सर्दी वाढते, हे १९९० च्या दशकापासून तिथल्या अभ्यासांत दिसत आलंय. एका वर्षी ऑक्टोबरात शिंका सुरू होतात, आणि माणूस मेडिकलमधून अँटिहिस्टामिनची गोळी आणून विषय संपवतो.

डॉक्टरकडे जाणं तिथे महाग पडतं असं विद्यार्थ्यांना वाटतं, वर्कपरमिटवरच्या माणसाला आजार कागदावर यायला नको असतो, आणि मुळात 'सर्दीच तर आहे'. मग खरं निदान होणार कधी?

निळा पंप आणि दुसरा पंप

या प्रकरणातून दम्याच्या उपचाराबद्दल जे शिकायचं, ते मला त्या रिकाम्या झालेल्या औषधांच्या दुकानांपाशी सापडतं. ऑस्ट्रेलियात साल्ब्युटामॉलचा निळा इन्हेलर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, फार्मासिस्टशी बोलून मिळतो. सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या इन्हेलरला मात्र चिठ्ठी लागते. म्हणजे तात्पुरता आराम हाताशी, आणि मूळ उपचार दोन पायऱ्या वर. आपल्याकडे कागदावर दोन्हींना चिठ्ठी लागते, प्रत्यक्षात काउंटरवर नाव घेतलं की अस्थालिन, म्हणजे साल्ब्युटामॉलचाच इथला पंप, पुढ्यात येतं. परिणाम सारखाच. लोक वर्षानुवर्षं निळ्या पंपावर काढतात.

झटक्यात श्वासनलिकांमध्ये तीन गोष्टी होतात. भोवतालचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, आणि चिकट कफ वाट अडवतो. निळा पंप यांतलं पहिलं सोडवतो, मिनिटांत, आणि चार-सहा तासांपुरतं. सुजेला तो हात लावत नाही. सूज कमी करतं ते बुडेसोनाईड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांसारखं श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड. ते रोज घ्यावं लागतं, त्याचा परिणाम दिसायला दिवस ते आठवडे लागतात, आणि ओढल्याबरोबर काहीच 'वाटत' नाही. म्हणूनच ते सर्वांत आधी सोडलं जातं. निळा ओढल्यावर छाती मोकळी झाल्याचं जाणवतं, दुसरा ओढल्यावर नुसती जिभेवर चव राहते. कुणाचाही विश्वास पहिल्यावरच बसणार.

वादळाच्या त्या संध्याकाळी ज्यांच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या होत्या, त्यांच्यासाठी त्या भुकटीचा एक श्वास पुरेसा ठरला. अशा वेळी नुसता निळा पंप वारंवार ओढूनही आराम पडत नाही, कारण वाट सुजेने आणि कफानेही बंद झालेली असते. दम्यावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ मध्ये आपली दिशा बदलली. बारा वर्षांवरच्या कुणालाही फक्त निळ्या पंपावर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी त्याला श्वासावाटे स्टेरॉइड मिळालंच पाहिजे, असं ती तेव्हापासून सांगते. त्यासाठी बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारं औषध) एकत्र असलेला पंप गरजेनुसार, किंवा रोज आणि गरजेनुसारही, वापरण्याची पद्धत आता रूढ होते आहे. यात त्रास झाला म्हणून घेतलेल्या प्रत्येक पफसोबत सुजेचं औषधही पोटात नव्हे, थेट फुफ्फुसात जातं. निव्वळ आरामावर भागवण्याची पळवाटच बंद होते.

स्टेरॉइड शब्दाची भीती आपल्या घरांत खोल आहे आणि ती सरसकट चुकीची नाही. महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाचा फुगलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर आपण पाहिलेली असते. पण पंपातल्या एका पफमध्ये बुडेसोनाईड १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतं, आणि झटका आल्यावर द्यावी लागणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी रोजची ४०-५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. दोन औषधांची ताकद वजनावरून थेट मोजता येत नाही हे खरं, तरी एक मायक्रोग्रॅममध्ये आहे आणि दुसरं मिलिग्रॅममध्ये, हे ध्यानात घ्यावं. शिवाय पहिलं जिथे लागतं तिथेच जातं. गंमत अशी की पंपाला घाबरून जे तो टाळतात, त्यांच्याच वाट्याला वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स येतो. पंप घेतल्यावर चूळ भरली, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला, की तोंड येणं आणि आवाज बसणं हे त्रासही बरेच कमी होतात. 'पंपाची सवय लागते' ही दुसरी भीती. सवय लागते म्हणून पंप सुटत नाही असं होत नाही. दमा असतो म्हणून तो लागतो.

२०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. इतक्या तफावतीला एकटी हवा जबाबदार असू शकत नाही.

टाळता येण्यासारखं आणि न येण्यासारखं

दम्याच्या पत्रकांत 'ट्रिगर टाळा' हे पहिलं वाक्य असतं. मेलबर्नने त्या वाक्याची मर्यादा दाखवली. चाळीस लाखांवर वस्तीच्या शहरात संध्याकाळी सहा वाजता हवा कशी टाळायची? ज्यांना काही झालं नाही, त्यांनी तरी कुठे टाळली होती?

तरीही टाळण्यासारखं काही असतं, ते माणसागणिक वेगळं असतं, आणि ते शोधावं लागतं. आपल्याकडे रायग्रास तसं पसरलेलं नाही. पण गाजर गवत आहे, जे काँग्रेस गवत म्हणून आपण ओळखतो. पावसाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेने, पडीक प्लॉटवर त्याचा पांढरा फुलोरा दिसतो, आणि त्याने सर्दी, त्वचेचा त्रास आणि काहींना दमाही होतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटाच्या मागे बुरशी धरते. गाद्या-उशांमध्ये घरधुळीतले सूक्ष्म कीटक वर्षभर असतात आणि दमट हवेत वाढतात. झुरळांची विष्ठा आणि त्यांचे तुटलेले पंख हेही जुन्या इमारतींतलं मोठं कारण. मग नवरात्र आणि दिवाळी: घराची झाडझूड, रंगकाम, धूप, फटाके, आणि त्याच सुमारास थंडी उतरून धूर जमिनीलगत साचतो. आमच्याकडे बऱ्याच घरांत दिवाळीची माळ्यावरची साफसफाई नेमकी त्याच सुनेकडे असते जिला धुळीने धाप लागते. हे काम दुसऱ्या कुणी केलं तर त्या घराची दिवाळी रुग्णालयाविना जाऊ शकते.

सगळ्यांत जास्त झटके मात्र यांतल्या कशानेच येत नाहीत, ते येतात साध्या विषाणूजन्य सर्दीने. शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैत मुलांचे दमे उसळतात ते म्हणून. मेलबर्नच्या हवेसारखीच हीही टाळता न येणारी गोष्ट.

धूर टाळण्याने खरोखर फरक पडतो. घरातली सिगारेट, डासांची कॉइल, बंद खोलीतली अगरबत्ती, चूल. यांत 'थोडीशी चालते' असं काही नाही. ठरावीक कामाच्या ठिकाणचा त्रास, म्हणजे बेकरीतलं पीठ, सुताराचा भुसा, स्प्रे पेंट, हाही ओळखून थांबवला तर दमा पुष्कळ सुधारतो. काहींना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी झटका येतो. ते एकदा कळलं की प्रत्येक डॉक्टरला आणि दातांच्या दवाखान्यातही सांगायचं. रक्तदाबासाठी किंवा काचबिंदूच्या थेंबांत असलेली बीटा ब्लॉकर औषधंही याच यादीतली.

याउलट, नुसती गादीला खोळ घालून दमा आटोक्यात आल्याचं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. महागडे एअर प्युरिफायर तर त्याहून सावधपणे घ्यावेत. आणि 'थंड, आंबट, तळलेलं बंद' ही आपली आवडती यादी! ज्याला एखाद्या पदार्थाची खरी अ‍ॅलर्जी आहे, किंवा पित्त वर येऊन खोकला होतो, त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्या पोराचं केळं आणि दही तोडून त्याच्या श्वासनलिकांची सूज उतरत नाही. आईला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि पंप कपाटात पडून राहतो. कुठलीही एक गोष्ट मनाने तोडण्याआधी महिनाभर साध्या वहीत लिहावं: कधी त्रास झाला, कुठे होतो, काय करत होतो, रात्री जाग आली का, निळा पंप किती वेळा लागला. निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही, मग माणूस कितीही ठीक दिसो.

नंतर काय बदललं

व्हिक्टोरिया राज्याने पुढच्या वसंतापासून, १ ऑक्टोबर २०१७ ला, वादळी दम्याचा दैनंदिन अंदाज सुरू केला. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गवताच्या परागकणांची मोजणी आणि वादळी वाऱ्याची शक्यता एकत्र करून धोक्याची पातळी जाहीर होते आणि आणीबाणीच्या अ‍ॅपवर सूचना येते. जास्त धोक्याच्या दिवशी काय करायचं हेही ठरलंय: वादळाच्या आधीच्या सोसाट्यात बाहेर थांबायचं नाही, घराच्या आणि गाडीच्या काचा बंद, एसी बाहेरची हवा आत न घेता आतलीच फिरवेल असा ठेवायचा. पाऊस सुरू होईपर्यंत थांबून मग आत जाणं उपयोगाचं नाही, धोका पावसाच्या आधीच्या वाऱ्यात असतो.

शाळा, ऑफिसं, क्रीडासंकुलं यांच्यासाठी प्रथमोपचाराची चार-चार-चारची पद्धत तिथे आधीपासून होती, तिचा प्रसार वाढवला गेला. रुग्णाला सरळ बसवायचं. आडवं करायचं नाही. निळ्या पंपाचा एक पफ स्पेसरमध्ये, त्यावर चार श्वास, असे चार पफ. चार मिनिटं थांबायचं. आराम नसेल तर आणखी चार पफ. तरीही आराम नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर चार मिनिटंही थांबायचं नाही, फोन आधी. महाराष्ट्रात तो १०८. स्पेसर नसला तर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागतं, आपल्याकडच्या लहान गावांत डॉक्टर हे करून दाखवतातही.

ज्यांच्या घरचं कुणी मेलबर्नला शिकायला किंवा नोकरीला निघालंय, त्यांनी मसाले आणि लोणच्याच्या यादीत आणखी काही गोष्टी घालाव्यात. लहानपणी 'छाती भरायची' का, दर पावसाळ्यात नेब्युलायझर लागायचा का, हे आईला आठवत असतं, मुलाला नसतं. ते लिहून द्यावं. निघण्याआधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची चाचणी, करून घेतली तर निदानाला इथेच मदत होते; ती नॉर्मल आली म्हणजे दमा नाहीच, असं मात्र नाही. दमा असेल तर पंप कसा ओढायचा हे फुफ्फुसाच्या डॉक्टरसमोर करून दाखवावं, कारण चुकीच्या पद्धतीने ओढलं तर बरंच औषध जिभेवर आणि घशातच राहतं. तिथे गेल्यावर पहिला वसंत सुखात गेला म्हणून खूष होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या ऑक्टोबरला शिंका सुरू झाल्या तर जनरल प्रॅक्टिशनरकडे जाऊन रायग्रासची अ‍ॅलर्जी टेस्ट मागावी आणि दम्यासाठीही तपासून घ्यावं. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे हंगाम सुरू होण्याआधी काही आठवडे चालू करावा लागतो, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात. दम्याचा रोजचा पंप लिहून दिला असेल तर तो १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर एकही दिवस चुकवायचा नाही. झटका आल्यास काय करायचं याचा लेखी आराखडा तिथला डॉक्टर देतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये, आणि एक प्रत ज्याच्यासोबत घर वाटून घेतलंय त्या मित्राकडे.